लांब्याचा एक तास

माझ्या दादाने आयुष्याची सव्वीस वर्षं कचऱ्यात घालवली. हे मी चारचौघांत म्हटलं की तो हसायचा आणि दुरुस्ती करायचा, "कचऱ्यात नाही गं, कचऱ्याच्या खोलीत." त्याच्या लेखी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

तो मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला होता. तीन हजार माणसं सुट्टीसाठी बसतात आणि दिवसभर खातात, पितात, नाचतात, तसलं जहाज. वरच्या मजल्यांवर झुंबरं, पोहण्याचे तलाव, वाद्यवृंद. दादाची खोली पाण्याच्या पातळीखाली, लोखंडी भिंतींची, एकही खिडकी नसलेली. तीन हजार माणसांनी टाकलेलं सगळं त्या खोलीत उतरायचं. पांढरी काच वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी. डबे दाबून त्यांच्या विटा करायच्या. प्लॅस्टिक, पुठ्ठा, बॅटऱ्या, तळणीचं तेल, प्रत्येकाची जागा ठरलेली आणि हे सगळं बंदरात उतरवायचं. समुद्रात एक बाटलीचं झाकणसुद्धा पडता कामा नये. सांडपाणी जहाजावरच स्वच्छ करायचं, इंजिनखाली साचलेल्या पाण्यातलं तेल काढल्याशिवाय ते पाणी बाहेर सोडायचं नाही. कचऱ्यातल्या एकाच गोष्टीला समुद्रात जायची परवानगी होती, उष्ट्या अन्नाला. तेही यंत्रात दळून, लापशीसारखं पातळ करून, टाकीत साठवायचं आणि जहाज किनाऱ्यापासून बारा मैलांच्या पुढे गेल्यावर व्हॉल्व्ह उघडून सोडायचं. बारा मैलांच्या आत थेंबही नाही.

रजेवर घरी आला की दादा माझी कचऱ्याची बादली उपसायचा. "ही बटाट्याची सालं आणि हा दुधाचा पुडा एकत्र? लाज नाही वाटत?" आमच्या घरात त्याचं नाव 'कचराधीश' पडलं होतं. माझ्या दोन मुली त्याला मुद्दाम छळायच्या, चुकीच्या बादलीत काहीतरी टाकून पळायच्या. तो पाठीमागून ओरडायचा आणि मग स्वतःच हात घालून ते काढायचा.

त्याने लग्न केलं नाही. "वर्षातले आठ महिने घरी नसणारा नवरा कशाला कोणाच्या गळ्यात बांधायचा?" असं म्हणायचा. माझा नवरा गेला तेव्हा मुली सात आणि चार वर्षांच्या होत्या. तेव्हापासून माझं घर दादाच्या पगारावर चाललं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ यात आहे.

दादाचा स्वभाव नाकासमोर चालण्याचा. उद्याचं काम आज करायचं, आजचं आत्ता. लोकांना हा गुण वाटतो. मलाही वाटायचा.

जहाज पश्चिमेकडे जात राहिलं की मध्येमध्ये घड्याळं एक तास मागे करावी लागतात. ते करायचं रात्री दोन वाजता, सगळ्या जहाजावर एकाच वेळी. पण कचऱ्याच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ दादाच्या ताब्यात होतं आणि दादाची पाळी संपायची संध्याकाळी पाचला. रात्री दोनला कोण उठणार? म्हणून तो पाचलाच स्टुलावर चढून घड्याळ एक तास मागे करायचा आणि निवांत झोपायला जायचा. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

एकदा बिघडलं.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचं काम एका माणसाकडे होतं. त्याला सगळे 'लांब्या' म्हणत. इतका उंच, की खालच्या मजल्यावरच्या पाइपांखालून जाताना सतत मान वाकवून चालायचा. दिवसभर तो आणखी खाली, पंपांच्या खोलीत असे. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून फोन आला की तो कचऱ्याच्या खोलीत यायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत वेळ लिहायचा आणि परत खाली. मनगटी घड्याळ, अंगठी, कडं यांना त्या भागात सक्त मनाई. यंत्रात अडकली तर घड्याळाबरोबर मनगटही जायचं.

त्या दिवशी जहाज संध्याकाळी साडेसहाला बंदरातून सुटलं. अशा दिवशी कचऱ्याची खोली साडेआठपर्यंत रिकामीच असते, कारण जेवणाची उष्टी ताटं त्यानंतर खाली येतात. लांब्याला फोन आला, तो आला, त्याने व्हॉल्व्ह उघडला, वर बघितलं आणि वहीत लिहिलं, सात वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने नेहमीप्रमाणे वही आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवले. अमुक वाजता व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा जहाज कुठे होतं, हे तो रोज ताडून बघायचा. सात दहाला जहाज किनाऱ्यापासून अवघ्या चार मैलांवर होतं. आणि कुठे, तर प्रवाळाच्या रांगेजवळ, जिथे नांगर टाकायलाही बंदी.

दादाचा संताप झाला. तो मला नंतर म्हणाला, "मला वाटलं, माझ्या ताटात कोणीतरी थुंकलं." एवढा त्याचा त्या पाण्यात जीव होता. अर्ध्या तासात त्याने वर तक्रार दिली.

लांब्याला बोलावलं. तो म्हणाला, "ब्रिजवरून फोन आला म्हणूनच उघडला." ब्रिजच्या वहीत त्या फोनची नोंद नव्हती. बंदरातून बाहेर पडायच्या गडबडीत राहिली असेल, पण राहिली हे कबूल कोण करणार? मग लांब्या दादाकडे वळला.

"बॉस, माझ्या अंदाजाने आठ होऊन गेले होते. पोटात भूक लागली होती मला. मी आठच्या सुमारास जेवतो."

"मग वहीत सात दहा कोणी लिहिलं?"

"मीच लिहिलं. घड्याळात तेवढेच वाजले होते."

"झालं तर मग," दादा म्हणाला. "तुझं पोट काय सांगतं ते मला नको, लांब्या. घड्याळ खोटं बोलत नाही."

पुढच्या बंदरात लांब्याला उतरवलं. त्याच्या कागदावर लिहिलं गेलं, निषिद्ध हद्दीत समुद्र प्रदूषित केला. तसा कागद हातात असलेल्या माणसाला दुसरं कुठलं जहाज दारात उभं करत नाही. आणि दादाच्या शर्टावर, सगळ्यांसमोर, कप्तानाने हिरवा बिल्ला लावला. जागरूकतेबद्दल. त्याचा फोटो त्याने घरी पाठवला होता. मी तो कपाटाच्या काचेत लावला आणि शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला.

चार महिने गेले. पुन्हा घड्याळं मागे करायची वेळ आली, पुन्हा दादा पाचला स्टुलावर चढला. संध्याकाळच्या पाळीचा एक माणूस काहीतरी न्यायला आला होता. तो हसत म्हणाला, "बॉस, जरा उशिरा करत जा ना हे. तुम्ही घड्याळ मागे करता आणि आम्हाला वाटतं, पाळी संपतच नाही. मागे लांब्याची तक्रार झाली त्याच्या आदल्या रात्री तर आम्ही साडेआठला आलो आणि इथे साडेसात."

दादा सांगायचा, "मी स्टुलावरून खाली उतरलो ते कसा, मला आठवत नाही."

साडेआठला साडेसात. म्हणजे सात दहाला आठ दहा. आठ दहाला जहाज किनाऱ्यापासून वीस मैलांवर होतं. लांब्याने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोर हिरवा बिल्ला लावून फिरत होता.

पुढच्या बंदरातून त्याने मला फोन केला. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते, धाकटीची वेणी घालत होते. त्याने सगळं सांगितलं, घड्याळ, स्टूल, आठ दहा. मग म्हणाला, "मी उद्या कप्तानाकडे जाऊन सांगणार आहे."

मी धाकटीला बाहेर पाठवलं.

"सांगून काय होईल?" मी विचारलं.

"लांब्याचं नाव साफ होईल."

"आणि तुझं?"

तो काही बोलला नाही.

"दादा, तू त्याला घालवलंस म्हणून तुला बिल्ला दिलाय. आता तूच उठून सांगणार की चूक माझी? उभं तरी करतील का तुला तिथे? एकाची गेली ती गेली. आता दोघांची कशाला? मुलींचं काय करू मी? घेऊन कुठे जाऊ त्यांना?"

"अगं, पण त्याचीही मुलगी आहे. आठ वर्षांची."

"असेल," मी म्हणाले. "माझ्या दोन आहेत."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. पण त्या दिवशी माझ्या जिभेला हाड होतं आणि तिने नेमका घाव घातला. मग दादा म्हणाला, "बरं." एवढंच. मी फोन ठेवला, धाकटीला आत बोलावलं आणि राहिलेली वेणी घातली.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. हेही लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं.

दादा त्यानंतर अकरा वर्षं त्याच कामावर राहिला. वरच्या जागेवर गेला, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून माणसाला जे जे सुचेल ते सगळं त्याने केलं. भिंतीवरच्या घड्याळाला काचेची पेटी बसवून तिची किल्ली ब्रिजवर ठेवायला लावली. शेजारी दुसरं घड्याळ लावलं, जे कधीच मागेपुढे करायचं नाही. ब्रिजवरून आलेला प्रत्येक फोन दोन्हीकडे लिहायचा आणि दोघांनी सही करायची, हा नियम त्याचा. पुढे तर व्हॉल्व्ह आपण होऊनच वेळ नोंदवू लागला. इतर जहाजांवरची माणसं त्याची खोली बघायला यायची. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा इतका सुरेख होता, की बैलाची आठवण कोणालाच राहिली नाही.

दादाला राहिली. राहू नये अशी सोयच नव्हती. नव्या भरतीच्या माणसांना नियम शिकवायचं काम आता त्याच्याकडे होतं, आणि त्या शिकवणीच्या छापील कागदांत एक उदाहरण होतं. 'एका व्हॉल्व्हवाल्याने निष्काळजीपणे बारा मैलांच्या आत टाकी सोडली.' नाव नव्हतं, पण दिवस तोच, बंदर तेच. दर काही महिन्यांनी वीस-पंचवीस नव्या माणसांसमोर उभं राहून दादाला ते वाचून दाखवावं लागायचं. कोणी विचारलं, "मग त्याचं काय झालं?" तर सांगायचं, "काढून टाकलं."

"वाचताना काय वाटायचं रे?" मी एकदा त्याला विचारलं, अगदी शेवटी शेवटी.

"काही नाही," तो म्हणाला. "घसा कोरडा पडायचा. पाण्याचा पेला जवळ घेऊनच उभा राहायचो."

निवृत्त होऊन घरी आला तेव्हा माझ्या दोन्ही मुली शिकून आपापल्या मार्गाला लागल्या होत्या. ज्या कारणासाठी तोंड बंद ठेवलं होतं ते कारण संपलं होतं. तरी वर्षभर तो काही बोलला नाही. सकाळी फिरायला जायचा, वर्तमानपत्र वाचायचा, गल्लीतल्या कचरागाडीवाल्याशी तासन्तास बोलत बसायचा. त्याला ओला-सुका शिकवायचा. मग एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "लांब्याचा पत्ता मिळालाय. मी कंपनीलाही पत्र लिहिलंय. उद्या जातो त्याच्याकडे."

मी म्हणाले, "मीपण येते." का म्हणाले, कोण जाणे. त्याच्यावर लक्ष ठेवायला, की त्याला आधार द्यायला? दोन्ही असेल.

बसने चार तास लागले. लांब्या एका सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचे पंप बघायचा आणि तलावाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहायचा. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. दार त्यानेच उघडलं. दार चांगलं उंच होतं, तरी चौकटीत उभं राहताना त्याने मान वाकवली.

"बॉस! तुम्ही?" त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, प्यायला पाणी दिलं, स्वतः पलंगावर बसला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. एक विशीतली मुलगी बाहेर आली. बापासारखीच उंच, हाताला क्लोरीनचा वास. तीही तलावावरच कामाला होती.

"हे आमचे बॉस," लांब्या तिला म्हणाला. "तुला सांगितलं होतं ना, ज्यांनी माझी चूक पकडली ते. बरोबर केलं हो त्यांनी. समुद्राच्या बाबतीत यांना कोणाची गय माहीत नाही."

दादाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"लांब्या, चूक तुझी नव्हती."

आणि मग त्याने सांगितलं. काही वगळलं नाही, काही रंगवलं नाही. पाचला स्टुलावर चढलो, घड्याळ मागे केलं, तू बघितलंस तेव्हा त्यात एक तास कमी होता. लांब्या ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"म्हणजे आठ वाजले होते?"

"आठ दहा."

"आठ दहा," तो म्हणाला. मग पुन्हा, स्वतःशी, "आठ दहा. मला भूक लागली होती ना." आणि हा एवढा मोठा माणूस गुडघ्यांवर कोपर टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. "पहिलं वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो बॉस, आठ वाजले होते म्हणून. कोणी ऐकेना. मग मलाच वाटायला लागलं, मीच चुकलो असेन. घड्याळ कशाला खोटं बोलेल? माझे वडील जायच्या आधी म्हणाले, माझ्याशी तरी खरं बोल. मी त्यांना म्हटलं, हो बाबा, चूक माझीच होती."

दादाने खिशातून कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत काढली आणि पुढे धरली. लांब्याने ती घेतली नाही. मुलीने घेतली. तिने ती उभ्या उभ्या वाचली, घडी घातली आणि दादाला विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"चार महिन्यांनी."

"माझे बाबा घरी आल्यावर चार महिन्यांनी?"

"हो."

"मी तेव्हा शाळेत जायचं बंद केलं होतं. मुलं चिडवायची म्हणून." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मग इतकी वर्षं तुम्ही का नाही सांगितलं?"

दादा माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. मी बांगडी फिरवत बसले होते. त्याने बघितलं नाही. "धीर झाला नाही," तो म्हणाला. "माझाच भित्रेपणा. दुसरं कोणी नाही त्यात."

मुलीने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. मग ती माझ्याकडे वळली. बहुधा मी बाई म्हणून, किंवा मी इतका वेळ गप्प होते म्हणून.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणाले, "नाही गं. मलाही आत्ताच कळतंय."

दादाने पेला उचलला आणि उरलेलं पाणी प्यायला. मुलगी माझ्याजवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही चहा घ्याल ना?" आणि मी तो चहा प्यायले.

परतीच्या बसमध्ये मी वाट बघत होते, आता बोलेल, मग बोलेल. तो एवढंच म्हणाला, "खिडकी लावू का? वारा लागतोय तुला." त्यानंतर तो आणखी तीन वर्षं जगला. दर महिन्याला लांब्याकडे जाऊन यायचा. मला कधी चल म्हणाला नाही, आणि त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही. भांडला असता तर मी उलट भांडले असते, माझी बाजू मांडली असती. त्याने ती संधीच दिली नाही.

गेल्या महिन्यात दादा गेला. ती मुलगी आली होती, बापाला घेऊन. दारातच मला मिठी मारून म्हणाली, "तुम्हाला किती सोसावं लागलं असेल, काही माहीत नसताना."

तेव्हाही मी गप्प बसले. आता हे लिहून झालं की तिला पाठवणार आहे. बाई, तुझ्या बाबांचा दोष नव्हता हे तुला दादाने सांगितलं. दादाचाही सगळा नव्हता, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून मी सांगते. तो दुसऱ्याच दिवशी कप्तानाकडे जाणार होता. मी जाऊ दिलं नाही. मला माहीत होतं.